घरोघरचीं यंत्रें : बेताच्या किंमतीचा मदरबोर्ड

दहावी-बारावीचे निकाल लागले कीं पुष्कळ सुशिक्षित घरांतून हल्लीं एक मागणी हमखास ऐकूं येते. चिरंजीव किंवा कन्या वडिलांपुढें उभी राहून सांगते कीं, मला तयार संगणक नको. एकेक भाग निवडून मी स्वतःच तो जोडणार, आणि त्यावर अभ्यासाबरोबर खेळही खेळणार. अशा वेळीं घरांतील वडील माणसें बहुधा दोनपैकीं एका मार्गानें जातात. कोणी म्हणतात, "खेळण्यापायीं एवढे पैसे? मुळींच नाहीं." दुसरे म्हणतात, "आम्हांस त्यांतलें कळत नाहीं. तुला काय हवें तें घे." पहिलें उत्तर कठोर आहे आणि दुसरें मायेचें आहे, पण विचार दोहोंतही नाहीं. ज्या वडिलांनीं घराचें बांधकाम, मुलींचीं लग्नें आणि बँकेचीं कर्जें समजून-उमजून पार पाडलीं, त्यांस या यंत्राचा हिशेब समजूं नये असें त्यांत कांहीं एक नाहीं. या संचांतील ज्या एका भागाच्या निवडींत पैसा सर्वांत जास्त वायां जातो, त्या मदरबोर्डाविषयीं या महिन्यांत दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत.

मदरबोर्ड म्हणजे संगणकाच्या पेटींत बसणारा एक चौकोनी फलक. संगणकाचा मेंदू जो प्रोसेसर तो यावरच बसतो. मेमरीच्या पट्ट्या यावरच रोवल्या जातात. चित्रें रंगविणारें ग्राफिक्स कार्ड, माहिती सांठविणारी एस. एस. डी., पंखे, कळफलक, पडदा हीं सर्व शेवटीं यालाच येऊन मिळतात. जुन्या वाड्यांत जोत्याचें जें स्थान, तेंच येथें या फलकाचें. जोतें दिसण्यांत येत नाहीं, त्याच्यामुळें माडीवर वारा अधिक खेळतो असेंही नाहीं. परंतु माडी चढवावयाची झाली कीं जोत्याचाच विचार प्रथम करावा लागतो.

या फलकाविषयींचा पहिला गैरसमज असा कीं, तो महाग घेतला म्हणजे खेळ अधिक वेगानें चालतो. वस्तुतः गणित करण्याचें काम प्रोसेसरचें आणि चित्र उमटविण्याचें काम ग्राफिक्स कार्डाचें. तोच प्रोसेसर, तीच मेमरी आणि तेंच कार्ड एका स्वस्त परंतु धड मदरबोर्डावर बसविलें आणि नंतर तिप्पट किंमतीच्या बोर्डावर बसविलें, तर पडद्यावरील खेळाच्या गतींत डोळ्यांस जाणवेल असा फरक सहसा पडत नाहीं. मग बोर्डावर खर्चलेला पैसा जातो कोठें? त्यांतील उपयोगाचा भाग दोन गोष्टींसाठीं असतो: प्रोसेसरला पोंचणारी वीज स्थिर राखणें आणि पुढें चार-पांच वर्षांनीं संचांत बदल करण्याची सोय ठेवणें. बाकीचा बहुतेक पैसा शोभेचा असतो. या दोन गोष्टींत काटकसर करूं नये आणि शोभेंत अवश्य करावी, हें एकच सूत्र ध्यानांत ठेविलें तर बेताच्या किंमतीचा बोर्ड निवडणें अवघड नाहीं.

प्रमाणाची कल्पना यावी म्हणून असें समजूं कीं, घरानें या कामासाठीं सत्तर हजार रुपये काढून ठेविले आहेत. आमच्या मतें त्यांतील पस्तीस ते चाळीस टक्के ग्राफिक्स कार्डाकडे, पंधरा ते वीस टक्के प्रोसेसरकडे आणि दहा ते बारा टक्के मदरबोर्डाकडे जावेत; उरलेल्या पैशांत मेमरी, एस. एस. डी., पॉवर सप्लाय आणि पेटी बसवावी. यादींत बोर्डाचा आंकडा पंधरा टक्क्यांच्या वर गेलेला दिसला, तर तो कशासाठीं याचें उत्तर यादी करणाऱ्यानें द्यावें. पुष्कळदां असें दिसतें कीं, दिव्यांच्या रोषणाईचा बोर्ड घेण्यासाठीं ग्राफिक्स कार्ड एक पायरी खालचें घेतलेलें असतें किंवा पॉवर सप्लाय कोणत्या तरी अनोळखी नांवाचा धरलेला असतो. पहिल्यांत खेळाची गति जाते. दुसऱ्यांत सबंध संचच धोक्यांत पडतो.

आतां निवडीच्या क्रमाकडे वळूं. सर्वांत आधीं ठरवावें लागतें तें सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसण्याची बैठक. एका बैठकीचा प्रोसेसर दुसरीवर बसत नाहीं. म्हणून बैठक निवडणें म्हणजे पुढील कित्येक वर्षांचा सोयरा निवडण्यासारखें आहे. ए. एम. डी. कंपनीचें एएम ४ हें सॉकेट २०१६ सालीं आलें. त्यावर २०१७ सालीं पहिले रायझन प्रोसेसर बसले, आणि त्याच बैठकीसाठीं २०२२ सालीं रायझन ७ ५८००एक्स३डी हा खेळासाठीं नांवाजलेला प्रोसेसर निघाला. ज्या घरानें २०१७ मध्यें बी ३५० जातीचा साधा बोर्ड घेतला, त्यांतील अनेकांस पांच वर्षांनंतर बायोस, म्हणजे बोर्डाच्या अंगचा मूळ आज्ञासंच, नवा घालून केवळ प्रोसेसर बदलतां आला. बाकी संच जागचा हलवावा लागला नाहीं. याच्या उलट इंटेल कंपनीचें एलजीए १७०० हें सॉकेट २०२१ च्या अखेरीस आलें, बाराव्या, तेराव्या व चौदाव्या पिढीचे प्रोसेसर त्यानें वागविले, आणि ऑक्टोबर २०२४ मध्यें कोअर अल्ट्रा २०० या मालिकेबरोबर कंपनीनें एलजीए १८५१ ही निराळी बैठक आणली. जुन्या बोर्डावर ते नवे प्रोसेसर बसत नाहींत. यावरून इंटेलचा माल वाईट असें कोणी समजूं नये. किंमत जुळली तर बाराव्या पिढीचा साधा प्रोसेसर आजही उत्तम काम देतो. मात्र तो घेणाऱ्यानें या बोर्डावर पुढें फारशी बढती नाहीं हें समजून घ्यावें.

ए. एम. डी.चें पुढचें सॉकेट एएम ५ हें सप्टेंबर २०२२ मध्यें आलें, आणि २०२७ व त्यापुढेंही त्याचा सांभाळ करूं असें कंपनीनें २०२४ सालीं जाहीर केलें आहे. कंपन्यांचें अभिवचन म्हणजे कांहीं ताम्रपट नव्हे. तरी एएम ४ चा इतिहास पाहतां, आज कोरा संच घेणाऱ्या घरास दीर्घ मुदतीचा विचार करावयाचा असेल तर एएम ५ कडे कल असावा, असें आम्हांस वाटतें.

सॉकेटाशीं जोडलेला दुसरा प्रश्न मेमरीचा. एएम ४ वर डीडीआर ४ जातीची मेमरी चालते, एएम ५ वर केवळ डीडीआर ५. दोन्हींच्या पट्ट्यांची खांच निराळ्या जागीं असल्यामुळें एकीच्या जागीं दुसरी बसतच नाहीं. एलजीए १७०० चे बोर्ड मात्र दोन्ही प्रकारांत मिळतात. कांहीं बोर्डांच्या नांवाच्या शेवटीं डी ४ हीं अक्षरें असतात, कांहींच्या नसतात. सबब दुकानदाराच्या तोंडी सांगण्यावर न जातां खोक्यावरील मजकूर वाचावा. हा भेद एरवीं लहान वाटला असता. पण २०२५ च्या उत्तरार्धांत मेमरीचे भाव जगभर झपाट्यानें चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामासाठीं उभारलेल्या प्रचंड संगणकगृहांनीं मेमरीची मागणी वाढविली आणि कारखान्यांनींही आपलें लक्ष त्या किफायतशीर गिऱ्हाइकाकडे वळविलें, हें त्याचें मुख्य कारण. तेव्हां ज्या घरांत जुन्या संगणकांतील डीडीआर ४ च्या दोन धड पट्ट्या पडून आहेत, त्यांनीं त्या वापरतां येतील असा एएम ४ चा बी ५५० बोर्ड घेणें यांत कमीपणा नाहीं. जुन्या सोन्याची पाटली मोडून नवा दागिना करावा, त्यांतलाच हा व्यवहार आहे.

सॉकेट ठरलें कीं चिपसेट येतो. हा बोर्डाचा कारभारी. किती खांचा, किती जोडण्या आणि कोणत्या मुभा बोर्डावर असाव्यात हें त्यावर अवलंबून. नांवांतलें पहिलें अक्षर त्याचा दर्जा सांगतें. ए. एम. डी.कडे ए हा खालचा, बी हा मधला व एक्स हा वरचा. इंटेलकडे एच, बी आणि झेड. खेळासाठीं बेताचा संच करणाऱ्यास वरच्या वर्गाची गरज जवळजवळ कधींच नसते. प्रोसेसरला नेमून दिलेल्या वेगापलीकडे पिटाळण्याची मुभा इंटेलच्या झेड बोर्डांवर मिळते, आणि तीही ज्यांच्या नांवांत के अक्षर असतें अशाच प्रोसेसरांना. तेव्हां के जातीचा महाग प्रोसेसर घेऊन तो एच ६१० वर बसविणें म्हणजे वरात काढण्यासाठीं घोडा आणून तो तबेल्यांतच बांधून ठेवणें होय. ए. एम. डी.चा बी ६५० किंवा बी ८५० ही मुभा देतो. ए ६२० व बी ८४० देत नाहींत. येथें नांवाचा चकवा विशेष ध्यानांत ठेवावा. बी ८४० आणि बी ८५० हीं भावंडें वाटतात, पण २०२५ सालीं आलेल्या या दोघांत पहिला पुष्कळच खालच्या योग्यतेचा आहे. दोघांच्या किंमतींत फार अंतर नसेल तर बी ६५० किंवा बी ८५० पत्करावा.

तिसरी गोष्ट विजेची. आणि स्वस्त बोर्डाची खरी परीक्षा येथेंच होते. पॉवर सप्लायकडून बोर्डास १२ व्होल्ट दाबाची वीज मिळते. प्रोसेसरला लागते एक-सव्वा व्होल्टाची. हें रूपांतर करणारी जी मंडळी प्रोसेसरच्या भोंवतीं बसविलेली असते तिला व्ही. आर. एम. म्हणतात. रायझन ५ ७६०० हा मध्यम प्रोसेसर पूर्ण कामांत असतां ८८ वॅटपर्यंत वीज घेऊं शकतो. १.१ व्होल्टाच्या दाबानें हिशेब केला तर हा प्रवाह ८० अँपिअर होतो! आपल्या न्हाणीघरांतील गीझरचें बटण १६ अँपिअरचें असतें हें लक्षांत घेतलें म्हणजे तळहाताएवढ्या जागेंत काय चाललें आहे याची कल्पना येईल. इंटेलचा कोअर आय ५ १२४००एफ हा ११७ वॅटपर्यंत जातो. आणि चौदाव्या पिढीचे थोरले प्रोसेसर २५३ वॅटपर्यंत. व्ही. आर. एम. दुबळा असला तर तो तापतो, आणि स्वतःचा बचाव करण्यासाठीं प्रोसेसरचा वेग खालीं ओढतो. अर्थात् महाग प्रोसेसर स्वस्त बोर्डावर बसवून जी गति विकत घेतली, ती उष्णतेंत वितळून जाते.

असें समजा कीं, एका घरीं मुलानें हट्टानें २५३ वॅटचा प्रोसेसर घेतला आणि पैसे संपले म्हणून सर्वांत स्वस्त एच ६१० बोर्ड घेतला, ज्याच्या व्ही. आर. एम.वर उष्णता वाहून नेणारा धातूचा ठोकळासुद्धां नाहीं. संगणक सुरू होईल, पहिलीं पांच मिनिटें सर्व ठीक दिसेल. पुढें खेळ रंगांत आला असतां चित्र अडखळूं लागेल. मुलगा ग्राफिक्स कार्डास दोष देईल, आई इंटरनेटास देईल, आणि वडील मुलाच्या उधळेपणास. खरा दोष जोडीचा आहे. वैशाखांत विदर्भांत किंवा पुण्यांत माडीवरच्या खोलींत ही परीक्षा अधिकच कडक होते. थंड खोलींत घेतलेल्या चांचण्यांचे आंकडे वाचून आपण निर्धास्त राहूं नये. म्हणून व्ही. आर. एम.वर धातूचे ठोकळे आहेत कीं नाहींत तें पाहावें, उत्पादकाच्या संकेतस्थळावरील प्रोसेसरांच्या यादींत आपला प्रोसेसर आहे याची खात्री करावी, आणि त्याच बोर्डाच्या स्वतंत्र चांचण्या वाचाव्यात. ए ६२० हा वर्ग मुख्यतः ६५ वॅट प्रतीच्या प्रोसेसरांस धरून आखलेला आहे. मोठा प्रोसेसर घ्यावयाचा झाल्यास ही यादी न पाहतां पुढें जाऊं नये. ६५ वॅट प्रतीचा प्रोसेसर आणि धातूचे ठोकळे असलेला साधा बोर्ड ही जोडी मात्र सहसा दगा देत नाहीं.

चौथी गोष्ट ग्राफिक्स कार्डाच्या खांचेची. कार्ड आणि प्रोसेसर यांमधील रस्त्यास पीसीआय एक्सप्रेस म्हणतात. याची प्रत्येक पिढी आधीच्या पिढीच्या दुप्पट वेगाची. तिसऱ्या पिढींत एका पदरीतून सेकंदास सुमारें एक गिगाबाइट माहिती जाते, चौथींत सुमारें दोन. खांच सोळा पदरांची दिसते. पण स्वस्त कार्डें सर्व पदर वापरीत नाहींत. आरएक्स ६६००, आरएक्स ७६०० आणि आरटीएक्स ४०६० हीं आठ पदरांचीं, आणि जानेवारी २०२२ मध्यें आलेलें आरएक्स ६५०० एक्सटी तर चारच पदरांचें. हें शेवटचें कार्ड तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर लावलें असतां त्याचा वेग कित्येक खेळांत लक्षांत येण्याजोगा घटतो, हें तेव्हांच्या चांचण्यांतून दिसून आलें. यांतून निघणारा बोध उलटा वाटला तरी खरा आहे: कार्ड जितकें स्वस्त, तितकी बोर्डाची पिढी अधिक महत्त्वाची. एएम ४ मध्यें बी ४५० व ए ५२० हे तिसऱ्या पिढीचे, आणि बी ५५० चौथीचा. थोड्या रुपयांच्या बचतीसाठीं ए ५२० घेण्यापूर्वीं हें आठवावें.

मेमरीच्या खांचा दोन असाव्यात कीं चार, यावर तरुण मंडळींत बराच खल होतो. आमच्या मतें घरगुती कामास दोन पुरेत. मात्र दोन्ही भराव्यात. सोळा गिगाबाइटची एक पट्टी लावण्यापेक्षां आठ-आठच्या दोन लावल्या तर माहितीचे दोन मार्ग एकदम चालूं होतात आणि खेळांत त्याचा फायदा होतो. चार खांचा असल्या तरी डीडीआर ५ च्या चारही पट्ट्या एकदम भरल्यास वेग बराच खालीं आणावा लागतो, ही गोष्ट जाहिरातींत सांगत नाहींत. एच ६१० बोर्डांवर मेमरी नेमलेल्या मर्यादेपलीकडे पळवितां येत नाहीं. तेव्हां त्यासाठीं जास्त वेगाची महाग मेमरी घेणें व्यर्थ. एस. एस. डी.साठीं एम. २ जातीच्या दोन खांचा असाव्यात, कारण खेळांचे आकार फार वाढले आहेत आणि घरांतील लग्नकार्यांचीं छायाचित्रेंही शेवटीं याच यंत्रांत येऊन पडतात. कांहीं बोर्डांवर दुसरी एम. २ भरली असतां जुन्या सांटा चकत्यांच्या, म्हणजे साटा जातीच्या, एक-दोन जोडण्या बंद पडतात. हें पुस्तिकेंत लिहिलेलें असतें.

आतां ज्यावांचून चालतें त्या वस्तु. रंगीत दिवे, बोर्डावरील प्लॅस्टिकचें चिलखत आणि उग्र नांवें यांचा खेळाशीं कांहीं संबंध नाहीं. मोठ्या आकाराचीही गरज नाहीं. २४४ मिलिमीटर चौरस असा मायक्रो एटीएक्स बोर्ड ३०५ मिलिमीटर लांबीच्या एटीएक्स बोर्डाहून बहुधा स्वस्त मिळतो, आणि एका ग्राफिक्स कार्डाच्या घरगुती संचास तो पुरतो. गिगाबिट जातीची तारेची जोडणी प्रत्येक बोर्डावर असतेच आणि आपल्याकडील बहुतेक घरांच्या इंटरनेटास ती पुरून उरते. बिनतारी जोडणीचा बोर्ड महाग असेल तर तो सोडावा. जाड भिंतींच्या जुन्या घरांत खालच्या माजघरांतील राउटरपासून माडीपर्यंत एक तार ओढून घेणें खेळण्यास अधिक भरंवशाचें आहे, आणि घरांतील इतरांच्या दूरध्वनींसही मोकळीक मिळते.

एकत्र कुटुंबाच्या दृष्टीनें एक सोय मात्र आम्ही आग्रहानें सांगूं. यंत्र एकाचें नसतें. सकाळीं त्यावर काका आयकराचें विवरण भरतात, दुपारीं आजी आपल्या परदेशांतील नातवंडांशीं बोलते, रात्रीं खेळ चालतो. ग्राफिक्स कार्ड बिघडून दुरुस्तीस गेलें तर हीं कामें अडूं नयेत. यासाठीं बोर्डावर पडद्याची जोडणी असावी आणि प्रोसेसरच्या अंगीं स्वतःची चित्रशक्ति असावी. रायझन ५ ७६०० मध्यें ती आहे. ७५००एफ मध्यें आणि इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या शेवटीं एफ आहे त्यांत ती नाहीं. एफ प्रकार स्वस्त मिळतो हें खरें. पण त्या बचतीची किंमत कोणत्या दिवशीं द्यावी लागेल हें घरानें ठरवावें.

बायोस या विषयाकडे वडील मंडळी दुर्लक्ष करतात, परंतु तो महत्त्वाचा आहे. २०२३ सालीं एएम ५ बोर्डांवरील कांहीं रायझन ७०००एक्स३डी प्रोसेसर जळाले. व्होल्टेज वाजवीपेक्षां जास्त जात होतें, आणि तें १.३ व्होल्टावर रोखणारे बायोस बोर्ड-उत्पादकांनीं दिले. २०२४ सालीं इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीच्या अधिक विजेच्या प्रोसेसरांत अस्थिरता आढळली. तिचा उतारही नव्या बायोसमधूनच आला, आणि कंपनीनें त्या प्रोसेसरांची हमी दोन वर्षांनीं वाढविली. म्हणजे बोर्ड घेणें म्हणजे पुढील कांहीं वर्षांची चाकरी घेणें आहे. ज्या उत्पादकाच्या संकेतस्थळावर आपल्या बोर्डासाठीं अलीकडच्या तारखांचे बायोस दिसतात, तोच घ्यावा. प्रोसेसर न बसवितांही बायोस बदलतां येण्याचें बटण ज्यावर असतें, तो बोर्ड थोडा महाग पडला तरी सोयीचा. कारण जुन्या सांठ्यांतील बी ६५० बोर्ड २०२४ नंतरच्या प्रोसेसरला कधीं कधीं ओळखीत नाहीं.

खरेदी मुंबईस लॅमिंग्टन रोडवर करा, पुण्यास तपकीर गल्लींत करा किंवा घरबसल्या मागवा. पावतीवर बोर्डाचें पूर्ण नांव आणि अनुक्रमांक असल्यावांचून पैसे देऊं नयेत. नामांकित बोर्डांस आपल्याकडे बहुधा तीन वर्षांची हमी असते, परंतु वांकलेल्या पिना तिच्यांत मोडत नाहींत. एएम ५ आणि इंटेल या दोन्हींत या केंसासारख्या पिना बोर्डावरच असतात. एएम ५ वर त्या १७१८ आहेत. दुकानांतच झांकण उघडून उजेडांत, आजोबांच्या भिंगानें म्हणा, त्या सरळ असल्याचें पाहून घ्यावें. आणि तें प्लॅस्टिकचें झांकण फेंकून न देतां खोक्यांत जपावें, कारण दुरुस्तीस पाठवितांना तें लागतें. एक्स ७९ किंवा एक्स ९९ अशा नांवांनीं अनोळखी उत्पादकांचे, जुन्या सर्व्हर-प्रोसेसरांसह विकले जाणारे फार स्वस्त जोड पुष्कळदां दिसतात. हमी नाहीं, बायोसचा वाली नाहीं, आणि पुढें बढती नाहीं. ज्यास प्रयोगच करावयाचा आहे त्यानें ते घ्यावेत. घराच्या एकुलत्या एका यंत्रासाठीं घेऊं नयेत.

या सर्वांचा सारांश दोन नमुन्यांत सांगतां येईल. संच कोरा असून सहा-सात वर्षें चालवावयाचा असेल, तर एएम ५ चा साधा बी ६५० किंवा बी ८५० मायक्रो एटीएक्स बोर्ड आणि रायझन ५ ७६०० च्या तोलाचा प्रोसेसर. घरांत डीडीआर ४ मेमरी असेल किंवा हात आंखडता असेल, तर बी ५५० आणि रायझन ५ ५६०० च्या तोलाचा. दोहोंत बोर्डावरचा पैसा कमी आणि ग्राफिक्स कार्डाकडचा जास्त राहतो. मात्र बोर्ड कितीही चांगला असला तरी घरांतील अर्थिंग धड असावें, वीज खालींवर होत असेल तेथें यू. पी. एस. असावा, आणि कोंकणांत व गोव्यांत पावसाळ्यांत यंत्र महिनोन् महिने बंद ठेवूं नये. ओल लागून धातूच्या जोडण्या खराब होतात.

शेवटीं एक सूचना वडिलांस व एक मुलांस. मुलांनीं यादी देतांना प्रत्येक भागापुढें किंमतीबरोबर एक वाक्य लिहावें : हा भाग कशासाठीं, आणि याहून स्वस्त घेतला तर काय अडेल. बोर्डापुढें सॉकेट कोणतें, मेमरी कोणती, प्रोसेसर किती वॅटचा, कार्डाची पिढी कोणती आणि हमी किती, हीं पांच उत्तरें असावीत. वडिलांनीं ती यादी चष्मा लावून वाचावी, शंका विचाराव्यात, आणि उत्तर पटलें कीं पैसे देतांना पुन्हां टोमणा मारूं नये. पुढें अभियांत्रिकीच्या प्रवेशाचा, नोकरीच्या गांवाचा किंवा लग्नाचा प्रश्न निघेल, तेव्हां तोच मुलगा किंवा तीच मुलगी आपला विचार घेऊन वडिलांपुढें येईल कीं निर्णय परस्पर उरकून मग कळवील, हें अशा लहान हिशेबांतूनच ठरत असतें. "मुळींच नाहीं" आणि "काय हवें तें घे" या दोन्ही उत्तरांनीं तें दार बंद होतें. एका कागदावरील पांच प्रश्नांनीं तें उघडें राहतें.

पॉवर सप्लाय कसा पारखावा याचा विचार पुढील अंकीं करूं.